टीबीची सोपी टेस्ट आली, पण आपल्या दवाखान्यात चालेल का?

यावेळच्या पत्रांत टीबीच्या तपासण्यांबद्दल इतकं विचारलंय की दुसरे विषय पुढच्या अंकावर ढकलले. बहुतेक पत्रं छोट्या दवाखान्यांत काम करणाऱ्यांची आहेत, एक-दोन पेशंटच्या घरच्यांची. निवडक प्रश्न घेतलेत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी एका छोट्या दवाखान्यात मेडिकल ऑफिसर आहे. एका कंपनीचा माणूस टीबीचं नवीन किट घेऊन आला होता, दहा मिनिटांत रिझल्ट, मशीन लागत नाही. माहितीपत्रकावर सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ९० टक्के असं ठळक छापलंय. आकडे तर भारी वाटतात. घ्यावं का?

उत्तर : लगेच घेऊ नका. सेन्सिटिव्हिटी म्हणजे टीबी असलेल्यांतले किती जण टेस्ट पकडते, आणि स्पेसिफिसिटी म्हणजे टीबी नसलेल्यांतल्या किती जणांना ती बरोबर निगेटिव्ह म्हणते. त्याला आधी एवढंच विचारा की हे ९५ टक्के कुणावर काढले, आणि ९० टक्के कुणावर काढले. खूपदा काय होतं, मोठ्या हॉस्पिटलात दाखल असलेले, थुंकीत जंतूच जंतू असलेले, आजार पुढे गेलेले पेशंट एका बाजूला घेतात आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत माणसं, म्हणजे रक्तदाते नाहीतर लॅबचाच स्टाफ. अशा दोन गटांत फरक दाखवणं कुठल्याही टेस्टला जमतं, त्यात विशेष काही नाही. तुमच्याकडे येतो तो पेशंट या दोन्हींतला नसतो. त्याला तीन आठवडे खोकला आहे, कधी ताप येतो कधी नाही, त्याला टीबी असेल किंवा दमा असेल किंवा न्यूमोनिया किंवा सिगरेटचा जुना खोकला, आणि हेच तर तुम्हाला टेस्टला विचारायचंय! म्हणून मूल्यमापन करायचं ते याच लोकांवर, दवाखान्यात टीबीच्या संशयाने आलेल्या प्रत्येकावर, ओळीने, मध्ये कुणाला न गाळता.

आता आकडे जरा मांडून बघू. समजा खोकला घेऊन १,००० माणसं आली आणि त्यातल्या १०० जणांना खरोखर टीबी आहे. कंपनीचे आकडे जसेच्या तसे खरे धरले तरी किट ९५ जणांना पकडेल, ५ सुटतील. पण टीबी नसलेल्या उरलेल्या ९०० जणांतले १० टक्के म्हणजे ९० जण खोटे पॉझिटिव्ह निघतील. एकूण पॉझिटिव्ह १८५, त्यातले जवळपास निम्मे टीबी नसलेले. या ९० जणांना तुम्ही सहा महिने टीबीच्या औषधांच्या कोर्सवर घालणार, कुणाचं लिव्हर बिघडणार, कुणाला घरात वेगळी भांडी मिळणार, आणि ज्या खऱ्या आजारामुळे ते आले होते तो तसाच राहणार. हा त्रास मला फार मोठा वाटतो, कागदावर तो नुसता १० टक्के दिसतो.

तुलनेसाठी एक्सपर्ट टेस्ट घ्या (एक्सपर्ट एमटीबी/रिफ, मशीनवर टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी, जिला २०१० साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्यता दिली). अनेक अभ्यास एकत्र करून तिची सेन्सिटिव्हिटी साधारण ८५ टक्के आणि स्पेसिफिसिटी ९८ टक्के धरतात. त्याच १,००० लोकांत ती ८५ पकडेल, १५ सोडेल, पण खोटे पॉझिटिव्ह फक्त १८. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १०३ पैकी ८५ खरे.

आणि हीच चांगली टेस्ट तुम्ही गावभर फिरून, खोकला नसलेल्या लोकांवर सरसकट लावली, जिथे १,००० मागे समजा ५ जणांनाच टीबी आहे, तर ४ सापडतील आणि २० खोटे निघतील. टेस्ट तीच, मशीन तेच, माणसं बदलली आणि रिपोर्टचा अर्थच बदलला. म्हणून त्या कंपनीच्या माणसाला म्हणा, आमच्यासारख्या दवाखान्यात, आमच्यासारख्या पेशंटवर केलेला अभ्यास दाखव, मग बोलू.

एक सांगायला हवं. टेस्ट निदानासाठी आहे की नुसती चाळणी लावायला आहे यावर अपेक्षा ठरतात. संघटनेने २०१४ साली नव्या टेस्टकडून काय हवं ते लिहून काढलं, त्यात चाळणीच्या टेस्टसाठी किमान ९० टक्के सेन्सिटिव्हिटी आणि ७० टक्के स्पेसिफिसिटी चालेल असं म्हटलंय, कारण चाळणीत अडकलेल्याची पुढे पक्की तपासणी होणारच असते. थुंकी न घेता थेट निदान करणाऱ्या टेस्टला मात्र ९८ टक्के स्पेसिफिसिटी मागितलीय, मग सेन्सिटिव्हिटी ६५ टक्के असली तरी सुरुवातीला चालेल. तुमचं किट चाळणी म्हणून वापरलं आणि पॉझिटिव्ह आलेल्या प्रत्येकाची पुढे मॉलिक्युलर टेस्ट, म्हणजे एक्सपर्टसारखी डीएनए शोधणारी टेस्ट, होणार असेल, तर चर्चा वेगळी. त्याच्या एकट्याच्या भरवशावर औषध सुरू करायचं असेल तर माझं उत्तर नाही असंच आहे.

प्रश्न : बोटाला टोचून रक्ताच्या थेंबावर टीबी सांगणारी किट्स कितपत खरी?

उत्तर : रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबीचं निदान करणारी किट्स वापरूच नका. रिझल्ट इतके बेभरवशाचे निघाले की २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने ही वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं. मांटू (कातडीत टोचायची टेस्ट) आणि इग्रा (रक्ताचीच, पण वेगळी टेस्ट) यांचंही नीट समजून घ्या, शरीरात कधीतरी जंतू शिरलाय का एवढंच त्या सांगतात, आज आजार आहे की नाही हे त्यांना कळत नाही.

प्रश्न : मी नर्स आहे. आमच्याकडे लॅब नाही, टेक्निशियन आठवड्यातून ठरावीक दिवशी येतो. नवीन मशीन देणार म्हणतात, 'सोपं आहे सिस्टर, तुम्हीच चालवा' असं सांगितलंय. पण आमच्या खोलीत पंखासुद्धा धड चालत नाही. हे असं खरंच जमतं का?

उत्तर : सिस्टर, जमतं. आफ्रिकेतल्या चार देशांत प्राथमिक दवाखान्यांतल्या नर्सनी एक्सपर्ट मशीन स्वतः चालवून दाखवलंय, तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, आणि थोडक्या ट्रेनिंगनंतर त्यांचं काम व्यवस्थित झालं. माणसाचा प्रश्न नाही, खोलीचा आहे, आणि तुम्ही पंख्याचं लिहिलंत ते अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत.

एक्सपर्टचं नेहमीचं मशीन १५ ते ३० डिग्रीत चालवायचं असतं, कार्ट्रिज (सॅम्पल भरायच्या डब्या) २८ डिग्रीच्या आत ठेवायची असतात, वर्षातून एकदा कॅलिब्रेशन लागतं, आणि मध्येच लाइट गेली की ती कार्ट्रिज वाया. उन्हाळ्यात बंद खोलीत दुपारी किती तापमान जातं ते एक साधा थर्मामीटर टांगून आधी लिहून काढा आणि मशीन देणाऱ्यांच्या हातात तो कागद ठेवा. ट्रूनॅट हे डीएनए शोधणारं दुसरं मशीन बॅटरीवर चालतं, २०२० मध्ये त्यालाही संघटनेची मान्यता मिळाली, गरम जागेसाठी ते बरं पडतं, पण त्यात हातचं काम जास्त आहे, आधी एका यंत्रात थुंकीतून डीएनए वेगळा काढायचा आणि मग पिपेटने ६ मायक्रोलिटर चिपवर सोडायचे. ६ मायक्रोलिटर म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा थेंब. बाहेर पन्नास पेशंटची रांग आणि मध्येच लसीकरणाला हाक, अशा वेळी हे तुमच्या हातून कसं होतं तेच तर मूल्यमापनात बघायला हवं. लॅबमधल्या तज्ज्ञाच्या हातून काढलेला आकडा तुमच्या खोलीसाठी कामाचा नाही.

म्हणून नवीन काहीही आलं की सुरुवातीपासून एका वहीत लिहा : किती टेस्ट लावल्या, किती 'एरर' किंवा 'इनव्हॅलिड' आल्या, आणि का, म्हणजे लाइट गेली, सॅम्पल कमी पडलं, कार्ट्रिज संपली. बरेच लोक एरर आलेल्या टेस्ट हिशेबातूनच काढून टाकतात. समजा टीबीच्या १०० पेशंटपैकी ८ जणांची टेस्ट एरर गेली आणि उरलेल्या ९२ मध्ये ७८ पकडले, तर रिपोर्टात ८५ टक्के लिहिलं जाईल. पण दवाखान्यात तर १०० जण आले होते, त्यातल्या ७८ जणांनाच बरोबर उत्तर मिळालं. खरा आकडा ७८ टक्के!

पट्टीवर रेघ येणाऱ्या टेस्ट असतील तर अजून एक काम करा. लघवीत टीबीच्या जंतूचा एक घटक शोधणाऱ्या लॅम टेस्टचं उदाहरण घ्या, पट्टीवर ६० मायक्रोलिटर लघवी टाकायची, २५ मिनिटं थांबायचं आणि रेघ दिसते का ते सोबतच्या कार्डाशी ताडून बघायचं. रेघ गडद असली तर वाद नाही, पण पुष्कळदा ती इतकी फिकट असते की खिडकीजवळ धरली तर आहे आणि ट्यूबलाइटखाली धरली तर नाही. तीच पट्टी दोघींनी वेगवेगळं बघायची, एकमेकींना न सांगता लिहायचं, मग ताडायचं. दोघींचं वारंवार जुळत नसेल तर कार्ड, उजेड किंवा ट्रेनिंग यातलं काहीतरी कमी पडतंय, आणि पेशंटला पॉझिटिव्ह म्हणणार की निगेटिव्ह हे त्या दिवशी ड्युटीवर कोण आहे यावर ठरतंय, हे फार वाईट.

प्रश्न : लॅब टेक्निशियन आहे. आम्ही नवीन टेस्ट कल्चरशी, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघायच्या तपासणीशी, ताडून बघतोय. काही पेशंट टेस्टमध्ये पॉझिटिव्ह पण कल्चर निगेटिव्ह. साहेब म्हणतात, जिथे जुळत नाही तेवढे पुन्हा तपासा आणि मग आकडे दुरुस्त करा. बरोबर आहे का?

उत्तर : हा प्रश्न विचारलात याचा आनंद झाला, कारण इथे भले भले घसरतात. फक्त न जुळणारे पुन्हा तपासले तर काय होतं बघा, दुसऱ्या तपासणीत काही जण टेस्टच्या बाजूला जातील आणि टेस्टचे आकडे सुधारतील, पण जिथे दोन्ही जुळले आणि दोन्ही चुकले असतील तिकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं. म्हणजे दुरुस्ती एकाच दिशेने होणार, टेस्टच्या फायद्याची. पुन्हा तपासायचं तर सगळ्यांचं तपासा, नाहीतर सुरुवातीलाच ठरवा की प्रत्येकाची दोन सॅम्पल कल्चरला जातील.

तसं कल्चर म्हणजे काही देववाणी नाही. बेडक्यातले बाकीचे जंतू मारायला आपण कॉस्टिक सोडा वापरतो, त्यात टीबीचेही काही मरतात. सॅम्पल लॅबपर्यंत पोचायला उन्हात दोन दिवस लागले तर आणखी मरतात. लिक्विड कल्चर ४२ दिवस ठेवून शेवटी निगेटिव्ह म्हणतो, पण सुरुवातीला जंतू होते आणि वाटेत मेले हे त्यात कळत नाही. उलट बाजूही आहे, मॉलिक्युलर टेस्ट मेलेल्या जंतूंचाही डीएनए पकडते, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांपूर्वी टीबीचं औषध घेतलेला माणूस पॉझिटिव्ह दिसू शकतो आणि तेव्हा कल्चर खरं बोलत असतं. म्हणून प्रत्येक पेशंटला पूर्वी टीबीची औषधं घेतलीत का हे विचारून नोंदवा आणि अशा लोकांचे आकडे वेगळे काढा. न जुळणाऱ्यांना दोन महिन्यांनी बोलावून बघा, वजन वाढलं का, औषधाशिवायच बरे झाले का, ही माहिती रिपोर्टात वेगळी लिहा पण मूळ तक्त्यात मिसळू नका.

आणि स्लाइड वाचणाऱ्याला किंवा पट्टी बघणाऱ्याला दुसऱ्या तपासणीचा रिझल्ट कळता कामा नये. कळला की फिकट रेघ दिसायला लागते. कुणी मुद्दाम करतं असं नाही, डोळ्यांना सवयच तशी.

प्रश्न : एमडीला आहे, थिसिससाठी नवीन टेस्टचं मूल्यमापन घेतलंय. २० टीबी पेशंट मिळाले, २० पैकी २० पकडले. १०० टक्के सेन्सिटिव्हिटी लिहू का?

उत्तर : लिहा, पण शेजारी कॉन्फिडन्स इंटरव्हलही (खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो ती रेंज) लिहा, मग वाचणाऱ्याला कळेल की खरी सेन्सिटिव्हिटी ८३ टक्केही असू शकते. २० पेशंटमध्ये एवढंच कळतं. १०० टीबी पेशंट घेऊन ८५ पकडले असतील तर रेंज साधारण ७७ ते ९१ येते, आणि २० पैकी १७ असतील, म्हणजे तेच ८५ टक्के, तर ६४ ते ९५. दुसरं म्हणजे तुझे २० पेशंट कसले आहेत ते सांग. सगळे स्मिअर पॉझिटिव्ह, म्हणजे मायक्रोस्कोपखाली जंतू दिसलेले, असतील तर टेस्टची परीक्षाच झाली नाही. एक्सपर्टसुद्धा स्मिअर पॉझिटिव्ह पेशंट ९८ टक्के पकडते आणि स्मिअर निगेटिव्ह पण कल्चर पॉझिटिव्ह पेशंट साधारण ६७ टक्केच. जे मायक्रोस्कोपखाली सुटतात त्यांच्यासाठी तर नवीन टेस्ट हवी असते, त्यांचा आकडा वेगळा काढ. गाइडशी भांडायला लागलं तरी चालेल, पण जास्त पेशंट घे.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या सासऱ्यांना दीड महिना खोकला आहे, वजन खूप उतरलंय. दवाखान्यात थुंकी तपासली, निगेटिव्ह आली. आता टीबी नाही म्हणून निश्चिंत राहायचं ना?

उत्तर : नाही ताई, निश्चिंत राहू नका. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायला एक मिलिलिटर थुंकीत ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. एक्सपर्टला शंभर-सव्वाशे पुरतात, तिच्या पुढच्या अल्ट्रा टेस्टला वीसच्या आत पुरतात. म्हणजे मधल्या सगळ्या पेशंटचा रिपोर्ट मायक्रोस्कोपवर निगेटिव्ह येतो आणि ते घरी जाऊन खोकत राहतात. दीड महिन्याचा खोकला आणि उतरलेलं वजन हे कागदावरच्या एका शब्दापेक्षा जास्त बोलतंय. त्यांना परत घेऊन जा, मॉलिक्युलर टेस्ट आणि छातीचा एक्स-रे मागा, आधीची तपासणी मायक्रोस्कोपची होती की मशीनची ते विचारा.

आणि सॅम्पल नीट द्यायला सांगा. सकाळी उठल्यावर चूळ भरून, दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन, छातीतून खाकरून काढलेला घट्ट बेडका हवा, तोंडातली पातळ लाळ नको. मोकळ्या हवेत, बाकीच्यांपासून लांब उभं राहून काढायचा. लाळ दिली तर चांगली टेस्टही चुकून निगेटिव्ह सांगू शकते. लहान मुलांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी आता शौचाच्या सॅम्पलवरही मॉलिक्युलर टेस्ट करता येते, हे बऱ्याच आईबापांना कुणी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : मी टीबी कार्यक्रमात काम करतो. मायक्रोस्कोप काढून नवीन टेस्ट आणली, पेशंट जास्त सापडतात, पण मृत्यू कमी झाल्याचं दिसत नाही. मग एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर : तुमच्या नैराश्यामागे खरी गोष्ट आहे. वर ज्या नर्सचा अभ्यास सांगितला त्यात त्याच दिवशी औषध सुरू होणारे पेशंट वाढले, पण काही महिन्यांनी पेशंटची तब्येत दोन्ही गटांत सारखीच निघाली. दक्षिण आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर मायक्रोस्कोप आणि एक्सपर्टची तुलना केली, २०१५ साली निकाल आले, तिथेही मृत्यूत फरक सिद्ध झाला नाही. एक कारण असं की डॉक्टर आधीही हातावर हात ठेवून बसत नव्हते, रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी एक्स-रे आणि लक्षणं बघून औषध सुरू करत होते. दुसरं, रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊनही पेशंटपर्यंत पोचत नाही, फोन लागत नाही, पेशंट परत येत नाही.

आता याच्या बाजूला लॅम ठेवा. लघवीवरची ही पट्टी एचआयव्ही असलेल्या, लक्षणं असलेल्या लोकांत टीबीचे जेमतेम ४२ टक्के पेशंट पकडते, आकडा बघून कुणीही नाक मुरडेल. पण आफ्रिकेतल्या हॉस्पिटलांत एचआयव्ही असलेल्या दाखल पेशंटवर ती वापरली तेव्हा मृत्यू कमी झाले, २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. कारण ती ज्यांना लावली ते इतके खंगलेले होते की बेडका काढायची ताकद नव्हती, लघवी मात्र देता येत होती, आणि रिझल्ट कॉटजवळच अर्ध्या तासात हातात आला. मी तर म्हणेन छोट्या दवाखान्यासाठी टेस्ट निवडताना ही गोष्ट सगळ्यांत आधी बघावी, कुठल्या पेशंटला आज काहीच उत्तर मिळत नाही आणि ही टेस्ट त्याला देऊ शकते का. सेन्सिटिव्हिटी त्यानंतर.

तुमच्या रजिस्टरमध्ये मी चार तारखा मागेन : सॅम्पल घेतलं तो दिवस, रिझल्ट आला तो दिवस, पेशंटला सांगितलं तो दिवस आणि पहिली गोळी पोटात गेली तो दिवस. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनच असतात. दोन तासांत रिझल्ट देणारं मशीन आणि बाराव्या दिवशी सुरू होणारं औषध असं चित्र निघालं तर रिझल्ट आणि पहिली गोळी यांच्यामध्ये अडकलेले पेशंट शोधा, निगेटिव्ह आलेल्यांपैकी किती जण महिन्याभरात परत आले तेही मोजा. मशीन बदलायचं की माणूस नेमायचा की फक्त पेशंटला 'इथेच थांबा, रिपोर्ट घेऊनच जा' म्हणायचं, हे त्यानंतर ठरवा.